अक्काचं पाणी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत न्हाय. मदी चार-पाच दिस कोरडे जातेत, मग कुणीतरी रस्त्यात वाकून लोखंडी चावी पिळतो, तवा कुटं पाणी गल्लीत शिरतं. तो वाकणारा माणूस म्हंजे चावीवाला. सिदू मोटे हा आपल्या पेठेतला चावीवाला. माणसाच्या छातीएवढी उंच चावी सायकलीला बांधायची, पहारीनं चेंबरचं झाकण उचकटायचं, चावी खाली सोडायची आन् कंबर ताठ करून सगळा जोर लावायचा. मग गल्लीतनं बाया वरडायच्या, आलं गं, आलं. पाणी कमी आलं की सिदूला शिव्या, जास्त आलं की सिदूला च्या. सगळी पेठ त्येला मामा म्हणायची. उजनीचं धरण निम्म्या पेठेनं बगितलं न्हवतं, पण मामाची चावी सगळ्यांनी बगितली हुती.

मूळचे हे लोक वेळापूरकडचे धनगर. सिदूचा बाप गावच्या बिरदेवाचा पुजारी हुता. कडक माणूस. आंगोळ केल्याबिगर देवाच्या उंबऱ्याला बोट लावायचा न्हाय, आन् लावूबी द्यायचा न्हाय. बाप गेला, पूजा चुलत्याच्या घरात गेली, सिदू शहरात नोकरीला आला. पण देवाच्या हळदीची, भंडाऱ्याची चिमुकली पिशवी सदऱ्याच्या खिशात ऱ्हायली ती ऱ्हायलीच. चांगलं झालं की चिमूट कपाळाला, वाईट झालं तरी चिमूट कपाळाला. हात आपसूक जायचा.

त्येला एकच थोरली बहीण, तानाबाई. हा तिला अक्का म्हणायचा. नवरा लवकर गेला, लेक रुपाली माळशिरसला दिली, मग अक्काबी शहरात आली आन् मिशनच्या सिस्टर लोकांच्या दवाखान्यात सैपाकाला लागली. तितल्या चर्चच्या शेवटच्या बाकावर ती आदी पाय मोकळे करायला बसायची, मग ऐकायला बसाय लागली, मग डोळे मिटून बसाय लागली. फादरांनी तिला शिकवलं, तिनं शिकून घेतलं. पण बाप्तिस्मा काय घेतला न्हाय. अक्का त्येला नुसतं 'पाणी' म्हणायची. "पाणी घ्यायचंय," म्हणायची, "पण सिदूनं लुगडं आणल्यावर."

कारण कायतर, तिचं एकबी कार्य भावाच्या लुगड्याबिगर झालेलं न्हवतं. लग्नात भावाचं, रुपालीच्या बारशात भावाचं. "आन् ह्ये काय त्येच्यापरीस बारकं कार्य हाय व्हय?" असं तिचं म्हणणं. "हिरवं आण. लाल काठाचं. रांडमुंड झाल्यापास्नं हिरवं नेसले न्हाय मी."

"आणतो की," सिदू म्हणायचा.

आणायचा न्हाय. आता सिदू काय देवाधर्माचा भांडखोर माणूस न्हवता. अक्कानं चर्चमदी बसावं, गाणी म्हणावी, त्येचं काय म्हणणं न्हवतं. पण लुगडं घेऊन तितं उबं ऱ्हायचं म्हंजे बहिणीला दुसऱ्यांदा सासरी धाडण्यासारकं त्येला वाटायचं. एकदा धाडली ती रडतच परत आली हुती. म्हणून तो नुसतं आणतो की, आणतो की करत ऱ्हायला. भाऊबीजेला मातूर न चुकता न्यायचा.

गेल्या भाऊबीजेला असाच गेला. अक्कानं ओवाळलं, घडी उलगडून बगितली. राखाडी लुगडं.

"ह्ये भाऊबीजेचं," ती म्हणली. "त्येचं न्हवं."

"ह्येच नेसून जा की तितं."

"म्हंजे एका लुगड्यात दोन कार्यं उरकतोस. बाप न्हवता रं तुज्यासारका चिकट."

"बाप पुजारी हुता. बापाला सगळं आयतं यायचं."

अक्कानं करंजीचं ताट फुडं सारलं. मग म्हणली, "सिदू, बाप काय करायचा रं? लोक बकरं आणायचे. बाप ते देवाफुडं धरायचा. ज्येचं बकरं त्येच्यासाटी बाप मागणं मागायचा. मदी उबा ऱ्हायचा. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"हितंबी तसंच हाय. पुजारी मदी उबा ऱ्हातो. पण ह्यो जो पुजारी हाय न्हवं, येशू, ह्येनं दुसऱ्याचं बकरं धरलं न्हाय. स्वताच गेला. पुजारीबी त्योच आन् कोकरूबी त्योच. त्येच्यानंतर बकरंच बंद."

सिदूनं करंजी चावली. "मग परसाद कुणी खाल्ला?"

"त्योच तर खातेत की दर रविवारी. मला तेवडाच मिळंना, तुज्यापायी."

सिदूला हसू आलं. "आणतो की," त्यो म्हणला.

त्येच्यानंतर उन्हाळा आला. अक्काच्या पायाला सूज आली, मग दम लागाय लागला. फुप्फुसात पाणी झालंय म्हणले. सिस्टर लोकांनी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन-तीन दिस बरं वाटलं. मग एका सकाळी सिदू पेठेला पाणी सोडत हुता तवा फोन आला, या म्हणून. त्येनं चावी सायकलीला बांधली आन् तसाच गेला. पायाला चिखल, गालात तंबाकू, अंगावर कालचाच सदरा. आंगोळ म्हंजे पाणी सोडून झाल्यावर घरी जाऊन करायचा रोजचा रिवाज, त्यामुळं पारोसाच.

डॉक्टरनं त्येला बाजूला घेतलं. जवळच्या लोकांना बोलवून घ्या म्हणला. रुपाली माळशिरसवरनं निघाली हुती.

अक्काच्या नाकाला नळी. बोलायला लागायचं ती नळी बोटानं जरा वर करून.

"फादरला बलीव," ती म्हणली. "पाणी दे म्हणावं. आता थांबायला न्हाय हुयाचं."

दवाखान्यातली नर्स सोनम, बारकीशी पोरगी, तिनं सिदूच्या मोबाईलवरनं फादर सोमशेखरचा नंबर लावून दिला. फादर अक्कलकोटकडचाच गडी, चाळिशीचा. घरात कानडी, बाहेर मराटी. त्या दिवशी त्यो अक्कलकोटच्या पल्याड मैंदर्गीला एका घरी मिस्सा, म्हंजे त्येंची पूजा, करायला गेला हुता.

"मामा, मी निघतो," फादर म्हणला. "पण दीड तास तरी लागतोय. डॉक्टर काय म्हणतोय?"

सिदूनं डॉक्टर काय म्हणला ते सांगितलं.

 मग फादर म्हणला, "मग तुमी द्या."

"काय?"

"बाप्तिस्मा. तुमी द्या. साधं पाणी घ्या. डोक्यावर तीनदा ओता, आन् मी सांगतो ते म्हणा."

सिदू वॉर्डाच्या दाराशी आला. "फादर, मी बिरदेवाचा माणूस हाय. तुमच्यातला न्हवं."

"म्हाईत हाय मला. चालतंय. मरणाच्या दारात माणूस असला की कुणीबी देऊ शकतो. बाई, बुवा, आमच्यातला, बाहेरचा. मंडळीला, म्हंजे आमच्या चर्चला, जे द्यायचं असतं तेच मला द्यायचंय, एवडं मनात पायजे. बस."

"पण मी..."

"मामा, ती थांबलीया. मी रस्त्यात हाय. तुमी तिच्याजवळ हाय."

त्येनं शब्द सांगितले. सिदूनं दोनदा म्हणून दाखवले. मग त्येनं खिडकीतनं तंबाकू थुकली, चूळ भरली. सोनमनं स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. जन्म पाण्यात गेलेला माणूस, पण तेवडा पेला त्येनं दोन्ही हातानं धरला.

"अक्का," त्यो म्हणला, "फादर यायला येळ हाय. मलाच दे म्हणलेत."

अक्कानं डोळे उघडून त्येच्याकडं बगितलं. आदी तिला खरं वाटलं न्हाय. मग तिनं नळी वर केली. "तूच?"

"मीच."

"बघ की," ती म्हणली. म्हंजे कर. तिची बोलायची तऱ्हाच तसली.

सोनमनं उशीवर टॉवेल टाकला. सिदूनं पाणी ओतलं. "तानाबाई, मी तुला बाप्तिस्मा देतो. पित्याच्या नावानं." अक्काच्या पांढऱ्या केसातनं पाणी कानाकडं गेलं. "आन् पुत्राच्या." पुना ओतलं. "आन् पवित्र आत्म्याच्या." शेवटचं पाणी तिच्या कपाळावरनं डोळ्याच्या खाचेत साचलं, ते तिनं पुसलं न्हाय. तोंडावरनं असं पाणी गळताना सिदूला ती ल्हानपणची अक्का दिसली, मेंढराच्या वाड्यात पावसात उबी ऱ्हायलेली.

आन् तितंच त्येच्या हातनं ते झालं. पेला खाली ठेवला, हात आपसूक खिशात गेला, चिमूट निगाली, आन् अक्काच्या वल्या कपाळावर भंडारा लागलाबी. चांगलं झालं की लावायचा. जन्माची सवय. लागल्यावर त्येला कळलं.

अक्काला काय वाटलं कोण जाणे. तिनं डोळे मिटले हुते. नळी वर करून म्हणली, "लुगडं कुटंय?"

"आणतो की."

"तू कवा आणलंस."

हे बोलताना ती हसली, हे सोनमनं मागनं रुपालीला सांगितलं. त्येच्यानंतर ती फारसं बोलली न्हाय. फादर वाटेतल्या वळसंगच्या फुडं आला असंल नसंल, अक्का गेली.

आता सिदू दवाखान्याच्या पायरीवर बसला. बहीण गेल्याचं दुःख अजून आत उतरायचं हुतं. त्येच्या आदीच दुसरं कायतरी येऊन बसलं हुतं. बाप त्येच्या डोळ्याफुडं उबा हुता. पारोशा हातानं उंबऱ्याला बोट लागलं म्हणून एका पाव्हण्याला सगळं देऊळ धुवायला लावलेला बाप. आन् ह्येनं काय केलं? पारोशा अंगानं, तंबाकूच्या तोंडानं, ती तीन नावं घेतली. वर दुसऱ्या देवाचा भंडारा लावला. तिकडं त्यो येशू रागावला असंल, हिकडं बिरदेव. दोन्ही घरची पोरगी करून ठेवली आपण तिला, कुटल्याच घरात न्हाय. एवडी वर्सं ती एका पाण्यासाटी थांबली. ते आपल्या हातात दिलं, आन् आपण ते सांडलं. आता ती गेली. आता पुना वतायची सोय न्हाय.

तेवड्यात धनाजी लोंढे आले. चर्चच्या मंडळीचं कुणी गेलं की सगळी पळापळ लोंढेच करायचे, पेटी सांगायची, खड्डा सांगायचा. ह्ये एसटीतले रिटायर कंडक्टर. जन्मभर लोकांची तिकिटं बगितलेला माणूस, त्यामुळं कुणाकडंबी बगताना ह्येच्याकडं तिकीट हाय का, असंच बगायचे. मन वाईट न्हवतं. नियम म्हंजे नियम.

आत गेले आन् लगीच बाहेर आले.

"मामा, तानाबाईंच्या कपाळाला पिवळं काय हाय?"

"भंडारा."

"कुणी लावला?"

"मी."

लोंढ्यांनी कपाळाला हात लावला. "आन् पाणीबी तुमीच दिलं म्हणे. फादर आले असते की तासाभरात. पाणी देणाऱ्याला अभिषेक लागतो मामा, बिशपनं हात ठेवलेला लागतो. उगं कुणी उठलं आन् पाणी वतलं, तर फादर कशाला पायजेत आमाला? उद्या मग रिक्षावाल्यालाबी सांगा."

"फादरनीच सांगितलं फोनवर."

"पाणी सांगितलं. भंडारा सांगितला का?"

 लोंढे रुमाल काढून आत निगाले. "निदान पुसून तरी घेऊ. लोक येतील."

सिदू उटला आन् त्येनं लोंढ्यांचं मनगट धरलं. चावी पिळून पिळून झालेला हात. "ऱ्हाऊ द्या," त्यो म्हणला. "माजी चूक हाय ती. तिच्या कपाळाला तुमी हात लावू नका."

 मग लोंढे म्हणले, "बरं. फादर येऊ देत. ते म्हणतील तसं. पण चुकलं असलं तर चुकलं म्हणायचं, मामा. बाईच्या जन्माचा प्रश्न हाय. मलाबी ती आईसारकी हुती, तिच्या हातची भाकरी खाल्ली मी."

 सिदूनं मनगट सोडलं.

फादर आला तवा ऊन डोक्यावर आलं हुतं. मोटरसायकलवर आलेला, सगळा धुळीनं माकलेला. आदी आत जाऊन अक्काजवळ उबा ऱ्हायला, प्रार्थना केली. कपाळाकडंबी बगितलं असणार. बाहेर आला, सिदूला घेऊन गेटाबाहेरच्या च्याच्या गाड्यावर गेला. लोंढे न बोलावताच मागनं आले.

"मामा, सांगा काय झालं," फादर म्हणला.

सिदूनं सगळं सांगितलं. चिखल सांगितला, तंबाकू सांगितली. पारोसा हुतो हे सांगताना त्येची मान खाली गेली. भंडाऱ्याचं सांगितलं. "मी मुद्दाम न्हाय केलं फादर. पण झालं. आता तिचं काय? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

फादरनं च्याचा कप हातातच धरला. "पाणी वतलं तवा डोक्यावरनं व्हायलं का?"

"व्हायलं की."

"नावं घेतली? तिन्ही?"

"घेतली."

"मनात काय हुतं?"

 गाड्यावरच्या स्टोचा आवाज येत हुता. "मनात काय असणार," त्यो म्हणला. "अक्काला जे पायजे हुतं ते तिला मिळावं. तुमी जे देता ते. माजं असं कायच न्हवतं त्यात."

"मग झालं," फादर म्हणला. "तिचा बाप्तिस्मा झाला. पुरा झाला."

"फादर," लोंढे मदीच म्हणले, "पण हात कुणाचा? आपण म्हणतो याजकाचा, फादरचाच हात..."

"थांबा लोंढे. मामा, एक सांगा. सकाळी चावी फिरवता तवा आंगोळ करून फिरवता का?"

"न्हाय. पाणी सोडल्यावर करतो."

"मग लोकांच्या घरात पाणी पारोसं येतंय का?"

 लोंढे च्याच्या गाड्याकडं बगाय लागले.

"माज्या हाताचंबी तसंच हाय," फादर म्हणला. "तुमाला वाटतं फादर म्हंजे कोण लई पवित्र. मी सकाळी कुणावर चिडलेला असतो, कुणाचा हेवा केलेला असतो. माज्या चांगुलपणावर जर देवाचं पाणी येणार असतं, तर ह्या पेठेत एकाचंबी तारण झालं नसतं. देणारा एकच. त्येनं एकदाच दिलं, स्वताला दिलं. आमी नुसते चावी पिळणारे."

आता हितं सिदूनं मान वर केली. त्येला पटलं न्हवतं. नोकरीतला माणूस त्यो. "तसं न्हाय फादर. चावी मला महापालिकेनं दिलीया. उद्या कुणीबी येऊन व्हॉल्व्ह फिरवाय लागला तर गुन्हा हाय. सगळ्या लाइनीचं वाटोळं हुतंय. लोंढेसाहेब म्हणतात ते काय खोटं न्हाय."

लोंढ्यांना ही बाजू सिदूकडनं येईल असं वाटलं न्हवतं. ते जरा ताठ झाले.

"बरोबर," फादर म्हणला. "म्हणून रोजचं मी करतो. मिस्सा मी करतो, माफीचे शब्द मी म्हणतो, ते उगं कुणी उठून करायचं न्हाय. त्येच्यासाटीच माज्यावर हात ठेवलाय. पण मामा, कदी असं झालंय का, तुमी नसताना कुणी व्हॉल्व्ह फिरवला?"

सिदूनं आटवून बगितलं. मग म्हणला, "टॉवेलच्या कारखान्याला आग लागलेली तवा. बंबातलं पाणी संपलं. मी दुसऱ्या टोकाला. कोपऱ्यावर गुरम्मा भजी तळायची, तिनं कुणाचातरी पाना घेऊन व्हॉल्व्ह फिरवला. उलटा फिरवला आदी, मग सुलटा. तळहाताची सालटी निगाली तिची."

"तुमी तक्रार केली तिची?"

"कशाची तक्रार. माणसं वाचली आत."

"पाणी आलं?"

"आलं की. तेच पाणी."

फादरनं च्या पिला. लोंढ्यांनीबी पिला.  गाड्यावाल्यानं रिकामे कप उचलले.

"आन् भंडारा?" लोंढ्यांनी विचारलं. पण आता आवाज तिकीट बगणाऱ्याचा न्हवता. खरंच जाणून घ्यायचं हुतं त्येंना.

"पाण्याच्या आदी लावला का नंतर?" फादरनं सिदूला विचारलं.

"नंतर. सगळं झाल्यावर."

"मग पाण्याला त्येचा काय संबंध न्हाय. बाप्तिस्मा झाला, आन् मग भावानं बहिणीच्या कपाळाला हळद लावली. लोंढे, तुमच्या बहिणीला हळद लावली न्हवती का तुमी?"

"लग्नात लावली हुती."

"मग."

लोंढे घरची यवस्था बगायला उटले. जाताना सिदूच्या खांद्याला हात लावून गेले. सिदू तितंच बसून ऱ्हायला. अक्काचं मिटलं हुतं. छातीवरचा दगड उतरला हुता, पण उतरल्यावर खालची जागा उघडी पडली, आन् तितं दुसरंच कायतरी दुकाय लागलं.

"फादर, एक विचारू?"

"विचारा की."

"माज्या हातनं तिला आत धाडलं. मी तर दाराबाहेरच. माजं काय?"

 असल्या येळी पाठ असलेलं उत्तर द्यायचं न्हाय, एवडं फादरला कळत हुतं. आन् बहीण आत पडलेली असताना माणसाला आपल्याकडं वडायचं न्हाय, हेबी.

"तुमचं घर लाइनीच्या कुटल्या टोकाला हाय मामा?"

"शेवटाला. सगळ्यांचं भरल्यावर माज्याकडं येतं. करंगळीएवडी धार."

"पण येतं?"

"येतं की."

"मी तर त्या दाराचा मालक न्हाय," फादर म्हणला. "कोण आत, कोण बाहेर, ते ज्येचं घर हाय त्यो बगतो. तुमाला कदी विचारायचं असलं तर या. न्हाय आलात तरी च्या प्यायला या."

तिसऱ्या पारी माती द्यायची ठरली. रुपाली तवर आली हुती, आईच्या पायावर डोकं ठेवून रडत हुती. सिदू तिच्याजवळ जरा थांबला आन् मग सायकल घेऊन निगाला. कुटं चाललास मामा, म्हणून ती विचारत ऱ्हायली.

त्यो लुगड्याच्या दुकानात गेला. दुकानदार मल्लिकार्जुन, जुना वळखीचा, त्येच्याच लाइनीवरचा.

"काय पायजे मामा?"

"हिरवं. लाल काठाचं. इरकली."

"कार्य हाय का घरात?"

"बहिणीला पायजे."

मल्लिकार्जुननं चांगली चार लुगडी फुडं टाकली. कशाचं कार्य, त्यो विचारणार हुता, पण सिदूच्या पायावरचा वाळलेला चिखल आन् त्येचं तोंड बगून गप बसला. सिदूनं घेतलेलं लुगडं अक्कानं बगितलं असतं तर काठ जरा रुंद पायजे हुता, असं म्हणाली असती. म्हणाली असतीच.

चर्चमदी पेटी ठेवलेली. बाया रडत हुत्या, वर पंखे गरगर फिरत हुते. अक्का भाऊबीजेच्या राखाडी लुगड्यात. कपाळ तसंच पिवळं, कुणी पुसलं न्हवतं. सिदू ह्याच्या आदी कदी ह्या उंबऱ्याच्या आत आला न्हवता. दाराशी त्येचे पाय थांबले, हात आपसूक खाली उंबऱ्याकडं गेला, शिवला, आन् कपाळाला लावला. मग त्यो सरळ आत चालत गेला. घरी जाऊन आंगोळ करून आला हुता, केस अजून वले हुते. काखेत लुगडं.

पेटीजवळ आल्यावर काय करायचं त्येला सुचंना. म्हायेरचं लुगडं बाई गेल्यावर घालतातच, त्येच्यात नवं काय न्हवतं. पण अक्कानं ते ह्येच्यासाटी मागितलं न्हवतं.

"फादर," त्यो हळूच म्हणला, "हे त्येचं हाय. पाण्याचं. ती थांबली हुती ह्येच्यासाटी."

फादरनं लुगडं हातात घेतलं. "मामा, आमच्यात पाणी झालं की नवं वस्त्र देतेत. ते तेवडं तिचं ऱ्हायलं हुतं."

"ते पांढरं असतंय फादर," लोंढे मागनं कुजबुजले.

"असतंय," फादर म्हणला, आन् लुगड्याची घडी उलगडून परत सिदूच्याच हातात दिली. "तुमीच घाला."

सिदूनं हिरवं लुगडं अक्काच्या अंगावर गळ्यापास्नं पायापर्यंत पांघरलं. रुपालीनं एका बाजूनं नीट केलं. पायाकडचा पदर पेटीबाहेर लोंबत हुता, त्यो लोंढ्यांनी वाकून आत घेतला आन् लाल काठ वर दिसंल असा सारका केला.

"बघ की," सिदू अक्काच्या कानाशी म्हणला. "आणलं."

माती देऊन परतताना लोंढे त्येच्याबरूबर चालत हुते. गेट आलं. मग लोंढे घसा खाकरून म्हणले, "मामा, असं विचारू नये. पण आमच्या गल्लीला आज पाणी यायचं हुतं. सकाळी निम्म्यातच बंद पडलं."

सिदू थांबला. चावी अजून सायकलीलाच बांधलेली हुती. सकाळी फोन आल्यावर पेठ अर्धी सोडून आला, ते त्येच्या ध्यानातच न्हवतं.

"चला," त्यो म्हणला, "सोडतो." आन् सायकल वळवली.